बिंदूच्या आधीचे रझा

नमस्कार श्रोतेहो. चित्रकार सय्यद हैदर रझा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो काळाभोर बिंदू. मला आज बोलायचंय ते बिंदूच्या तीस-पस्तीस वर्षं आधीच्या रझांबद्दल. मुंबईतल्या एका छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत ते नोकरी करायचे आणि शहरातले रस्ते, गर्दी, पाऊस जलरंगात रंगवायचे. जलरंगाचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. हात थबकला की डाग पडला. रझांचा हात थबकत नसे.

आता माझी आवडती गोष्ट. साल 1948, ठिकाण काश्मीर. रझा तिथे चित्रं काढत होते, आणि फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँही तिथे आले होते. गांधीजींच्या अखेरच्या दिवसांचे फोटो काढणारे तेच हे ब्रेसाँ. त्यांनी रझांची चित्रं पाहिली. म्हणाले, हातात गुण आहे, पण चित्रात बांधणी नाही. घराला जसा पाया लागतो, भिंती लागतात, तसं चित्रही बांधावं लागतं, फ्रेंच चित्रकार सेझानची चित्रं बघा. गंमत बघा, कॅमेरा घेऊन फिरणारा माणूस चित्रकाराला गवंडीकाम सांगतोय! आपल्याकडे प्रदर्शनात ‘वा, छान!’ म्हणून चहाकडे वळायची रीत. असं तोंडावर सांगणारा भेटणं म्हणजे नशीबच म्हणायचं. रझा रुसले नाहीत. मुंबईला येऊन फ्रेंच शिकायला बसले आणि 1950 साली शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले, सेझान बघायला. बांधणी, श्रोतेहो. हा एक शब्द लक्षात ठेवा.

कारण पुढच्याच चित्रांत ती दिसते. दक्षिण फ्रान्समधली टेकडीवरची गावं, एकमेकींना चिकटलेली ठोकळ्यांसारखी घरं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. मुंबईची ती गर्दी कुठे गेली? आधी माणसं गेली. मग तैलरंगाचे जाड थर आले, त्यात घरंही विरघळली. 1962 मध्ये अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले, तिथे रॉथको या अमेरिकन अमूर्त चित्रकाराची चित्रं पाहिली, आणि मग रंगाला घराच्या आडोशाची गरजच उरली नाही. माणसं गेली, घरं गेली, बांधणी राहिली.

बिंदू आला तो फार उशिरा, 1980 च्या सुमारास. शाळेतल्या गुरुजींनी चंचल छोट्या रझांना भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघायला बसवलं, ती गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. वर्तमानपत्रांना मात्र रझा आठवतात ते 2010 मध्ये ‘सौराष्ट्र’ हे त्यांचं चित्र सोळा कोटींवर विकलं गेलं म्हणून. चित्राच्या बातमीत चित्राबद्दल दोन ओळी लिहायला काय हरकत असते, कोण जाणे!

बिंदूचं एखादं छापील चित्र घरात असेल तर एक करा. मधला बिंदू अंगठ्यानं झाका आणि भोवतीचे त्रिकोण, चौकोन, पट्टे बघा. त्यातला एकही जरा सरकवून पाहा मनातल्या मनात.

नमस्कार.