सील नव्हे, हौसिंग वाकलंय

मंडळी, मागच्या चाकाचं ऑइल सील बदललं आणि दोन महिन्यांत ब्रेक ड्रममध्ये पुन्हा तेल आलं, तर दोष सीलच्या कंपनीला द्यायची आपली सवय असते. सील बिचारं गोल शाफ्टवर गोल बसायला बनवलेलं असतं. शाफ्ट त्याच्या भोकाच्या मध्यावर नसेल, तर रबराची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी उघडी पडते. म्हणून दुसऱ्यांदा सील गेलं की हौसिंगकडे, म्हणजे शाफ्ट ज्याच्या आत फिरतो त्या धुऱ्याच्या कवचाकडे, बघायचं. त्याआधी मात्र ब्रीदर, म्हणजे हौसिंगमधला दाब बाहेर सोडणारं छोटं तोंड, बघा. सह्याद्रीतल्या लाल चिखलाने तो बुजला, की तापलेल्या तेलाचा दाब बाहेर पडायला सीलच शोधतो. ब्रीदर साफ असून तेल येत असेल, तर पुढचं ऐका.

आपल्याकडच्या दोन गाड्या समोर ठेवून बोलतो, कारण त्यांची हौसिंग दोन वेगळ्या जातींची आहेत. एक जुन्या ठेवणीची जीप. १९४७पासून मुंबईत विलीज जोडली जाऊ लागली, आणि तिच्या वंशातल्या धुऱ्यांत मधला भाग ओतीव असतो. त्यात दोन्ही बाजूंनी पोलादी नळ्या दाबून बसवतात आणि भोकांतून वेल्डचे ठिपके मारून अडकवतात. दुसरी १९८५ची जिप्सी. तिचं हौसिंग पत्र्याचं, दाबून घडवलेलं. मधे मोठं गोल तोंड असतं आणि क्राऊन-पिनियनचा (चाकांकडे जोर वळवणाऱ्या दातेरी चक्रांचा) अख्खा संच तिथून एकत्र बाहेर येतो. जीपमध्ये ओतीव भाग आणि नळीचा सांधा हा कच्चा दुवा, जिप्सीत पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठकीपासून टोकापर्यंतचा भाग.

हौसिंग वाकतं कसं? गाडीचं वजन पाट्यांच्या बैठकीवर खाली दाबतं, टायर टोकांना वर ढकलतो. उडी मारून गाडी आपटली की टोकं वर आणि मधला भाग खाली, असा आकार येतो. मागून पाहिलं तर दोन्ही चाकांच्या माथ्यांचा कल आत. आता हिशोब करा. बैठकीपासून टायरच्या मध्यापर्यंत २५० मिमी अंतर धरू. चाक बाहेर सरकवणाऱ्या ३० मिमीच्या चकत्या (स्पेसर) लावल्या आणि बाहेर निघालेल्या रिममुळे आणखी ४० मिमी गेले, तर अंतर ३२० झालं. टायरखालचा दगड तोच, पण नळीवरचा वाक आणणारा जोर २८ टक्क्यांनी वाढला. गाडी रुंद आणि दणकट दिसते, पण त्या दिमाखाचं भाडं हौसिंग भरतं. एकच चाक दगडावर जोरात आदळलं, तर ते टोक मागे जातं आणि चाकाचं तोंड बाहेरच्या दिशेला वळतं.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. ओळंबा, खडू आणि टेप पुरे. आधी जॅक लावून चाक वर-खाली हलवा. बेअरिंगमध्येच ढिलाई असेल तर पुढची सगळी मापं खोटी येतात. गाडी खाली उतरवा, थोडी पुढे-मागे ढकला म्हणजे पाटे मोकळे बसतील. रिमच्या बाहेरून ओळंबा सोडा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोऱ्याचं अंतर घ्या. १५ इंची रिमच्या कडा साधारण ४०० मिमी अंतरावर असतात. तिथे ७ मिमीचा फरक म्हणजे १ अंश. मग चाक अर्धा फेरा फिरेल एवढी गाडी ढकला आणि तेच माप पुन्हा घ्या. इथे निदान होतं. चाक फिरल्यावर कल बदलला, तर रिम किंवा शाफ्टचा फ्लँज वाकडा. कल तसाच राहिला, तर हौसिंग. दोन मापांची सरासरी घेतली की रिमचा दोष गळून जातो. जमीन उतरती असली तरी घाबरू नका. डाव्या आणि उजव्या चाकाचे कल एकमेकांत मिळवा. जमिनीचा उतार एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे येतो, म्हणून बेरजेत तो उरत नाही.

मागे-पुढे वाकलंय का, हे टायरवर खडूची खूण करून कळतं. टायरच्या आतल्या बाजूला, मागे, हबच्या उंचीवर खूण करा. दोन्ही खुणांवरून ओळंबे जमिनीवर उतरवा आणि अंतर मोजा. त्याच खुणा पुढे येतील एवढी गाडी ढकला. ७०० मिमीच्या टायरला त्यासाठी साधारण १.१ मीटर लागतात. पुन्हा मोजा. अखंड धुऱ्याच्या मागच्या चाकांना दोन्ही अंतरं जवळजवळ सारखी हवीत. एक-दीड मिमीच्या फरकाने मी हौसिंग उघडणार नाही. पाच मिमी आले तर उघडीन.

उघडल्यावरचं खरं माप म्हणजे सरळ दांडा. कॅरियरच्या (क्राऊन ज्यावर बसतो त्या भागाच्या) बेअरिंगच्या दोन बैठकांत आणि नळीच्या दोन टोकांत लेथवर काढलेल्या चकत्या बसवायच्या, बेअरिंगच्या टोप्या आवळायच्या आणि चकत्यांतून ग्राइंड केलेला, निदान ३८ मिमी जाडीचा दांडा ओवायचा. हाताने सरकला तर हौसिंग सरळ. अडला तर कुठे अडला तेच वाकण्याचं ठिकाण सांगतं. जिप्सीत क्राऊन काढून रिकामं केलेलं मधलं कास्टिंग हौसिंगला बोल्टांनी पक्कं करावं लागतं, नाहीतर मोजायला संदर्भच नाही. दांडा नसेल तर गिटारच्या तारेसारखी बारीक पोलादी तार चालते. १० किलोच्या ताणाला एवढ्या लांबीत तिचा झोळ मोजण्यासारखा उरत नाही. फक्त चकत्यांची भोकं तारेला घट्ट हवीत. कॅरियरच्या दोन चकत्यांत जेमतेम १५० मिमी अंतर असतं; तिथे ०.१ मिमीची ढिलाई ७०० मिमीवरच्या टोकाला अर्धा मिमी खोटं दाखवते.

आता दुरुस्त करायचं की बदलायचं? ओतीव भागाला तडा असेल, नळी ओतीव भागात फिरलेली असेल, नळीला वळी पडली असेल किंवा वाक नेमका ओतीव भागाच्या तोंडाशी असेल, तर सरळ करण्यात वेळ घालवू नये. तिथे प्रेसचा ठोकळा टेकवायला जागा नसते आणि जोर ओतीव भागावर गेला की तो वाकत नाही, फुटतो. बैठकीच्या बाहेरचा गुळगुळीत, मोठ्या वळणाचा वाक मात्र निघतो.

सरळ करायच्या आधी शाफ्ट, सील, बेअरिंग, क्राऊन सगळं बाहेर. आतून तेल धुऊन काढा, ड्रेन, ब्रीदर आणि दोन्ही टोकं उघडी ठेवा. बंद हौसिंगमध्ये तेलाची वाफ आणि बाहेर गॅसकटर, यात जीवाला धोका आहे. प्रेसवर हौसिंग उलटं ठेवा, म्हणजे फुगीर बाजू वर येते. वाकाच्या दोन्ही बाजूंना आधार द्या आणि वर नळीच्या गोलाईचा ठोकळा ठेवा; सपाट ठोकळ्याने नळी चेपते. टोकाला डायल गेज लावा. दाब द्या, सोडा, वाचा. पोलाद परत येतं, त्यामुळे सरळ रेषेच्या थोडं पलीकडे न्यावंच लागतं. पण किती पलीकडे हे दर खेपेला दाब सोडल्यावरच कळतं. एका झटक्यात तीन मिमी काढायला जाऊ नका, एकेक मिमी काढा. आणि दांडा आत ठेवून प्रेस मारू नका. हौसिंगबरोबर दांडाही जाईल आणि मग मोजायला काहीच सरळ उरणार नाही.

शेवटचा थोडा वाक उष्णतेने काढता येतो. तापलेली जागा फुगायला बघते, भोवतीचं थंड पोलाद तिला फुगू देत नाही, ती तिथल्या तिथे दबते आणि थंड होताना आक्रसते. म्हणून तापवायचं फुगीर बाजूला. आपल्या उदाहरणात टोकं वर गेली आहेत, म्हणजे फुगीर बाजू खाली. अंगठ्याएवढा रुंद पट्टा, घेराच्या एक तृतीयांश भागात, सावलीत मंद लाल दिसेपर्यंत तापवा. तो रंग साधारण ६०० ते ६५० अंश सेल्सियसचा. पाणी न मारता हवेतच थंड होऊ द्या. हात टेकवता येईल तेव्हाच मोजा. गरम असतानाचं माप उलटं दिसतं आणि माणूस घाईने दुसरा पट्टा मारतो.

याच आक्रसण्याने नवं हौसिंगही वाकतं. गाडी मजबूत करायची म्हणून वरून ट्रस, म्हणजे हौसिंगला आधार देणारा पोलादी सांगाडा, वेल्ड करतात. वरची बाजू आक्रसते, टोकं वर उचलली जातात. म्हणजे जो वाक टाळायचा होता तोच गॅरेजमध्ये फुकट मिळतो! ट्रस वाईट नाही, उलट तोच बरोबर उपाय आहे. हे आकड्यांत बघा. ६० मिमी व्यासाची, ५ मिमी जाडीची नळी घ्या. जाडी आतल्या बाजूने ८ मिमी केली, तर वाकण्याविरुद्धची ताकद सुमारे ३७ टक्क्यांनी वाढते, वजन ५१ टक्क्यांनी. जाडी ५च ठेवून व्यास ७० केला, तर ताकद ४१ टक्के वाढते आणि वजन फक्त १८ टक्के. पोलाद मध्यापासून जितकं लांब, तितकं उपयोगी. नळीच्या आत दुसरी नळी घुसवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ट्रस तेच काम उंची वाढवून करतो. सरळ केलेली नळी त्याच दिशेला पहिल्यापेक्षा लवकर नमते, म्हणून तिला ट्रस हवाच.

वेल्ड कसं करायचं? आधी सगळीकडे टॅक, म्हणजे जागेवर धरून ठेवणारे वेल्डचे ठिपके. मग २५ मिमीचे टाके, एक डावीकडे टोकाला, दुसरा उजवीकडे मध्याजवळ, असे पसरवून. मधे हात टेकवता येईपर्यंत थांबा आणि दर चार-सहा टाक्यांनी दांडा सरकवून बघा. टोकांना साखळीने थोडं खाली ओढून ठेवलं तर आक्रसणं भरून निघतं. पोलादाला ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड, आणि तो ओव्हनमध्ये वाळवलेला. पावसाळ्यात दमट पुड्यातला रॉड वापरला तर वेल्डमध्ये हायड्रोजन जातो आणि भेग दुसऱ्या दिवशी दिसते. नळी आणि ओतीव भागाच्या सांध्याला ७०१८ चालत नाही. तिथे निकेलचा रॉड, २०० ते ३०० अंशांपर्यंत सगळीकडून सारखी पूर्वतापणी, छोटे टाके, प्रत्येक टाका गरम असताना हातोडीने हलके ठोके आणि शेवटी कोरड्या वाळूत किंवा चुन्यात गाडून सावकाश थंड करणं. हे जमण्यासारखं नसेल तर ट्रस ओतीव भागावरून उडी मारून न्यावा, त्याला वेल्ड करू नये.

बदलायचं ठरलं तर भंगारातलं हौसिंग दुकानातच मोजा. फ्लँज ते फ्लँज रुंदी, दोन बैठकांमधलं अंतर, ब्रेक प्लेटची भोकं, क्राऊन-पिनियनचे दात. फोर-व्हीलमध्ये पुढचं आणि मागचं गुणोत्तर वेगळं झालं तर ट्रान्सफर केस (दोन्ही धुऱ्यांना जोर वाटणारी गिअरची पेटी) भोगतो. तार तिथेच ओवा, कारण भंगारात आलेलं हौसिंग बहुधा कुठून तरी आपटूनच आलेलं असतं. नव्या बैठका आधी वेल्ड करू नका. हौसिंग पाट्यांवर सैल बसवा, गाडीचं वजन येऊ द्या, पिनियनचा कोन लावा, टॅक मारा, मग बाहेर काढून पूर्ण वेल्ड. प्रॉपेलर शाफ्टला (ट्रान्सफर केसपासून धुऱ्यापर्यंतच्या दांड्याला) दोन्ही टोकांना साधा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असेल तर पिनियनची रेषा ट्रान्सफर केसच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टला समांतर हवी. ट्रान्सफर केसच्या टोकाला दुहेरी क्रॉस असेल तर पिनियनचं तोंड शाफ्टच्या दिशेला, आणि पाटे जोर घेताना पिळतात म्हणून एक-दोन अंश खाली.

जोडताना जुने सील, रिटेनर रिंगा पुन्हा वापरू नका. जीपच्या ओतीव हौसिंगमध्ये कॅरियर बसवताना स्प्रेडर (हौसिंगचं तोंड फाकवायचं साधन) लावला तर ०.५ मिमीपेक्षा जास्त फाकवू नका, हौसिंग कायमचं फाकतं. क्राऊनची मोकळीक साधारण ०.१३ ते ०.२ मिमी, पण अंतिम आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचा. शाफ्ट बोटांच्या जोराने स्प्लाइनमध्ये (आतल्या खाचांत) जायला हवा. लाकडी हातोडी लागली तर हौसिंग अजून वाकडं आहे, किंवा शाफ्ट. ९० नंबरचं गिअर ऑइल, जीएल-५ प्रतीचं.

जिप्सीच्या पुढच्या धुऱ्याबद्दल कुणीतरी विचारेलच. तिथे टाय रॉड (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारी सळी) फसवतो. हौसिंग वाकलं तरी मेकॅनिक रॉड फिरवून चाकं समोर करून देतो आणि गाडी सरळ धावते. पण कॅम्बर, म्हणजे चाकाच्या माथ्याचा आत-बाहेर कल, टाय रॉडने सुधारत नाही. पुढच्या चाकांना मुळातच सुमारे १ अंश बाहेर कल असतो, तेव्हा तिथे शून्य आलं तरी हौसिंग नमलेलं आहे. एका बाजूचं टोक पिळलं असेल तर कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल, डावी-उजवीकडे वेगळा येतो आणि गाडी एका बाजूला ओढते. किंगपिनचे बेअरिंग कितीही बदला, ती ओढ जात नाही.

काम झाल्यावर ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, तेलाचा प्लग काढून चुंबकावरचा किस बघा आणि ओळंबा पुन्हा सोडा. ती मापं पांढऱ्या रंगाने चासीवर आतल्या बाजूला लिहून ठेवा, तारखेसकट. पुढच्या पावसाळ्यात खिंडीतून परत आल्यावर तुलनेला ती लागतील.