ताटाची उजवी बाजू

निमंत्रणाच्या चिठ्ठीवर ‘येताना घरची वरणाची वाटी आणावी’ असं छापलेलं पाहून काहींना वाटलं असेल की व्याख्यानानंतर जेवण आहे. तसं काही नाही, आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको. वाट्या सध्या पिशवीतच राहू द्यात. शेवटी लागतील.

मी पस्तीस वर्षं सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवला. एवढ्या वर्षांत लोकांना सगळ्यात जास्त वेळा काय सांगितलं असेल, तर ‘वजन कमी करा’. या एका वाक्यानं मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं. सुरुवात तिथूनच करतो.

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी यायचे. वय त्रेसष्ट, साखर वाढलेली, पोट सुटलेलं. मी माझं वाक्य म्हटलं. गुरुजी शिस्तीचे. चार महिन्यांनी आले ते नऊ किलो उतरवून, आणि साखरही खाली. मी खुशीत येऊन बाकावर बसलेल्या बाकीच्या पेशंटांना ऐकू जाईल असं म्हणालो, “बघा, पथ्य म्हणतात ते याला!” मग विचारलं, खाता काय? म्हणाले, “सकाळी चहा-बिस्कीट. दुपारी एक फुलका आणि दुधीची भाजी. रात्री साळीच्या लाह्या. डाळीनं गॅस होतो म्हणून सोडली. उसळ तर केव्हाच बंद केली, डॉक्टर, पचत नाही या वयात.” मी मान डोलावली. ऐकलं सगळं, पण कानाआड केलं.

वर्षभरानं गुरुजी आले ते मुलाचा दंड धरून. माझ्या दवाखान्याला तीन पायऱ्या होत्या. दुसऱ्या पायरीवर ते थांबले. वजन तेवढंच, पण साखर पुन्हा वर गेलेली. तपासायला झोपवलं तेव्हा लक्षात आलं की मांड्या निम्म्या झाल्यात आणि पोट मात्र जागच्या जागी आहे. म्हणजे नऊ किलोंतला बराच वाटा गेला होता तो स्नायूंचा. मी ज्याला शाबासकी दिली ते पथ्य नव्हतं, ती उपासमार होती.

आणि साखर का वाढली? जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर ओढून घेणारं शरीरातलं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू, त्यातही मांड्यांचे आणि पाठीचे. कोठारच लहान केलं तर माल रस्त्यावर पडून राहणार. त्याला बाजारभाव काय करणार?

आता जरा एक करून बघू. ज्यांचे गुडघे फार दुखतात त्यांनी बसून राहा. बाकीच्यांनी हात छातीवर घडी घाला आणि खुर्चीला, मांडीला, शेजारच्याला, कशालाही हात न लावता उभे राहा. पुन्हा बसा. असं पाच वेळा... हं, पुढच्या रांगेतले काका, तुम्ही हात टेकवलात, मी पाहिलं. (हशा) हसू नका, निम्म्या सभागृहानं टेकवलाय. पूर्वी जेवायला पाट, झोपायला सतरंजी आणि शौचाला उकिडवं बसणं, यामुळे ही परीक्षा दिवसातून वीस वेळा आपोआप व्हायची. आता डायनिंग टेबल, सोफा आणि कमोड आले. मांडीच्या स्नायूंना घरातल्या घरात सुट्टी मिळाली.

माणसाचे स्नायू तिशी ओलांडली की हळूहळू उतरायला लागतात. दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के, आणि साठीनंतर वेग वाढतो. हे वजनकाट्यावर दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. काटा म्हणतो, ‘सत्तर होतास, सत्तरच आहेस.’ काटा खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो.

हे अर्धं बोलणं सगळ्या जगाला दाखवून दिलं ते आपल्या पुण्याच्या एका डॉक्टरांनी. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन मोजायचा जो आकडा असतो, बीएमआय, तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ! याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं अभ्यासायला घेतली. तिथली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा जवळजवळ ८०० ग्रॅम हलकी भरली, सरासरी २.७ किलो, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. कमी होतं ते मांस. म्हणजे आपण जन्मतःच या बाबतीत थोडे तोट्यात. म्हणून भारतीयांना २५ ऐवजी २३ च्या वर बीएमआय गेला की सावध व्हायला सांगतात. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये. शिंप्याकडची टेप घ्या, बेंबीच्या पातळीला धरा, आणि श्वास आत ओढू नका.

आता ताटाकडे येऊ. आपल्याकडे पानाची डावी आणि उजवी बाजू ठरलेली. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मधे वरणभात आणि पोळी किंवा भाकरी. मला तर ही मांडणी फार शहाणपणाची वाटते. घोळ झालाय तो प्रमाणात. वय वाढत गेलं की आपण सगळ्यात आधी काय कमी करतो? उजवी बाजू. उसळ जड, डाळ गॅसची, अंडी गरम, मटण नको. राहतं काय, तर मधला भात-पोळी आणि डावीकडचं लोणचं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा हिशोब असा की निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या बाईला झाले ५० ग्रॅम. साठीनंतर तर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत असं पुष्कळ तज्ज्ञ सांगतात. म्हणजे वय वाढतं तशी गरज वाढते आणि आपण देतो कमी. किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र माझं ऐकून काही वाढवू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मी हा हिशोब आमच्याच घरी करून पाहिला. तेव्हा घरात चार माणसं आणि कुकरला लागली १०० ग्रॅम तूरडाळ. शंभर ग्रॅम डाळीत २२ ग्रॅम प्रथिनं. चौघांत वाटली की माणशी साडेपाच. पातेलंभर आमटी दिसते हो, पण त्यात पाणी किती घातलंय ते करणाऱ्यालाच ठाऊक. पुढे धरा: सकाळचे पोहे ४, दिवसभरातल्या चार पोळ्या १३, दोन वेळचा थोडा भात ६, चहातलं दूध ३, भाजी ३. एकदा आमटी. बेरीज होते चौतीस-पस्तीस ग्रॅम. पन्नास कुठे आणि पस्तीस कुठे! आणि हे घर उपाशी आहे असं कुणी म्हणणार नाही. डबे भरलेले, फ्रिज भरलेला.

भरून काढायला पावडरीचे डबे आणायचं काही कारण नाही. तीस ग्रॅम मटकीची उसळ, सहासात ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, सात. एक अंडं, सहा. वाटीभर घट्ट दही, चार-पाच. झाली भरपाई. गॅसचं म्हणाल तर कडधान्य रात्रभर भिजवा, मोड आणा, भिजवलेलं पाणी टाकून द्या, आणि पहिल्या दिवशी वाटीभर न खाता दोन चमचे खा. आतड्यालाही सवय लागावी लागते. वीस वर्षं बंद असलेलं दुकान एका दिवसात चालत नाही. आणखी एक, डाळ आणि धान्य एकत्र खाण्यात आपली आजी बरोबर होती. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. धान्यात जे अमिनो आम्ल तोकडं पडतं ते डाळीत असतं आणि डाळीत तोकडं ते धान्यात. वरणभात किंवा पिठलं-भाकरी म्हणजे दोघांची जोडी जमलेली.

ज्वारीबद्दल मी पक्षपाती आहे, आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. पण ज्वारीच्या नावानं एका वेळी चार भाकऱ्या आणि वर फक्त ठेचा, हे काही आरोग्याचं जेवण नव्हे.

बायकांचं जरा वेगळं सांगायला हवं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. शंभरातल्या सत्तावन्न! पालेभाजी खातात की, मग असं का? पालेभाजीतलं लोह शरीर फार थोडं घेतं, आणि जेवल्या जेवल्या चहा घेतला तर तेही अडतं. लिंबू पिळलं की वाढतं. म्हणून पानाच्या डाव्या बाजूची ती लिंबाची फोड शोभेची नाही. ती पिळा, आणि चहा तासभर पुढे ढकला. घरातली बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते आणि तिच्या वाट्याला पातेल्याच्या तळाची आमटी येते, यावर मी इथे भाषण देणार नाही. समोर बसलेल्या पुरुषमंडळींना कळलंय.

पाळी थांबल्यानंतरची पहिली काही वर्षं हाडं झपाट्यानं विरळ होतात. दूध, दही, नाचणी, तिळाची चटणी तेव्हा वाढवायची. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण नुसतं कॅल्शियम खाऊन हाड बळकट होत नाही, त्याच्यावर भारही पडावा लागतो. चालणं हृदयाला फार चांगलं, आठवड्याला किमान १५० मिनिटं चालाच. तरी जागतिक आरोग्य संघटना त्याच दमात दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते, आणि ते आपण सोयीस्कर विसरतो. मघाची खुर्ची आहेच. भिंतीवर हात टेकून रेटा द्या. दळण स्वतः उचलून आणा.

मिठाचा हिशोब सोपा आहे. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. चौघांच्या घरात महिन्याला एक किलोचा पुडा संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलात, आणि यात बाहेरचं फरसाण धरलेलं नाही.

उपवासाबद्दल कुणाचं मन दुखवायचं नाही. पण ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपलीच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीतला जीव काय तो शेंगदाण्याच्या कुटात. त्यापेक्षा राजगिरा बरा, त्यात शंभर ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम प्रथिनं असतात.

शतपावली मात्र जशी सांगितली तशीच करा. जेवणानंतर दहा मिनिटं सावकाश चाललं तरी वाढणारी साखर आटोक्यात राहते, कारण तेच, मांडीचं कोठार उघडतं. मालिका बघत बघत घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी चालेल.

सत्तरीच्या पुढच्यांसाठी दोनच गोष्टी. एक, तहान लागायचंच कमी होतं, म्हणून तहानेची वाट न बघता पाणी प्या. दोन, बी-१२ हे जीवनसत्त्व. ते धान्यात, भाजीत नसतं. दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतच असतं, आणि उतारवयात जठरातलं आम्ल कमी झालं की खाल्लेलंही नीट शोषलं जात नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर आणखी घटतं. पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरायला होणं, याला ‘वय झालं’ म्हणून मोकळे होऊ नका. तपासून घ्या.

गुरुजींचं काय झालं ते राहिलंच. अंडं त्यांना चालत नव्हतं. मटकी, मूग, दही, शेंगदाणे, दोन्ही वेळा घट्ट वरण, आणि सकाळ-संध्याकाळ खुर्चीवरून उठबस, सुरुवातीला तीनच वेळा. आठ महिन्यांनी वजन तीन किलोनं वाढलं आणि साखर उतरली. मुलाला बाहेर स्कूटरवर बसवून ते एकटे पायऱ्या चढून आले आणि मला म्हणाले, “डॉक्टर, आता त्या बाकावरच्यांना हे पण सांगा.” सांगितलं. तेव्हापासून सांगतोच आहे.

आता वाट्या काढा. मागच्या टेबलावर तूरडाळीचा डबा आणि स्वयंपाकघरातला काटा ठेवलाय. प्रत्येकानं आपली वाटी डाळीनं सपाट भरायची, वजन करायचं, घरात किती माणसांना आणि किती वेळा ती पुरवता त्यानं भागायचं, आणि आलेला आकडा कागदावर लिहून न्यायचा. डाळ डब्यात परत ओता हं, मंडळाची आहे. आमची वाटी मी सकाळीच मोजली. ७५ ग्रॅम. लग्नातली आहे, नाव कोरलेली, आणि आम्ही दोघं तीच एक वाटी दोन्ही वेळा पुरवत होतो. घ्या, मावशी, तुमची द्या आधी. ही तर बरीच खोल दिसतेय.