मधली खोली

सकाळचे अकरा वाजलेत. स्क्रीनवर जो क्रेट दिसतोय तो पालकाचा आहे, आठला काढलाय आणि तेव्हापासून बांधावर सावलीत पडून आहे. वरच्या जुड्या एकदम टवटवीत, पण मधोमध हात घालून बघा, कोमट लागेल. कापलेलं पान मेलेलं नसतं, ते श्वास घेत असतं, श्वास घेताना गरम होतं आणि गरम झालं की अजून जोरात श्वास घेतं. तापमान १० डिग्रीने वाढलं की हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे क्रेटच्या पोटात एक छोटीशी भट्टीच पेटलीय म्हणा ना.

आता ज्याचा हा माल आहे त्याच्या हातात वेळ किती? आजचा दिवस, बस. उद्या पानं पिवळी पडणार. त्यामुळे समोरचा जो भाव सांगेल तो गुपचूप घ्यायचा, कारण घासाघीस करायची तर "नाही देत जा" असं म्हणता आलं पाहिजे, आणि नाही देत म्हणून तो माल ठेवणार कुठे?

आपल्या भागात पिकलेलं आपल्याच भागात खाल्लं जावं, पिकवणाऱ्याच्या हातात चार पैसे राहावेत, माती-पाणी टिकावं, उद्या काही संकट आलं तरी लोकांची चूल पेटावी, यावर भाषणं खूप होतात. आणि बहुतेक व्हिडिओत एका टोकाला हिरवंगार शेत आणि दुसऱ्या टोकाला हसरं कुटुंब असतं, मधलं कुणी दाखवतच नाही. मधलं म्हणजे प्रतवारीचं टेबल, कोल्ड रूम, गिरणी, दूध थंड करायची टाकी, अर्धा भरलेला टेम्पो, बिलांची फाइल. बघायला बोअर आहे, मान्य. पण गाडी अडते ती तिथेच.

२०२० आठवा. अमेरिकेत कित्येक दुकानांत दूध माणशी मोजून मिळत होतं आणि त्याच आठवड्यांत शेतकरी टँकरच्या टँकर दूध ओतून देत होते. गायींना काही झालं नव्हतं आणि दूध पिणाऱ्यांनाही. शाळा, हॉटेलं, कॅन्टीन बंद पडली आणि त्यांच्यासाठी पॅकिंग करणाऱ्या प्लांटना रातोरात घरगुती पॅक भरता येईनात, मशिनच वेगळी. डुकराच्या मांसाचं तर अजून वाईट झालं. साउथ डकोटामधल्या एकाच प्लांटमधून देशाचं ४ ते ५ टक्के पोर्क जायचं, एप्रिलमध्ये तिथे शेकडो कामगार आजारी पडले, कारण लाइनवर खांद्याला खांदा लावून उभं राहायचं काम, आणि प्लांट बंद झाला. तिकडे फार्मवर जनावरं वाढतच राहिली, त्यांना कुणी थांबा म्हणून सांगणार? मोठं केंद्र स्वस्त पडतं हे खरंच आहे, फक्त ते बंद पडल्याचा खर्च त्या स्वस्ताईत कधीच मोजलेला नसतो.

इथे लोक पटकन म्हणतात, मग सगळं लोकल करा, विषय संपला. मला हे पूर्ण पटत नाही. अमेरिकेतल्या खाण्यावर २००८ मध्ये एक अभ्यास झाला होता, त्यात अन्नामुळे हवेत जे तापमान वाढवणारे वायू सुटतात त्यांच्या एकूण उत्सर्जनात सगळी वाहतूक धरून ११ टक्के निघाली, आणि उत्पादकाकडून दुकानापर्यंतचा शेवटचा टप्पा फक्त ४ टक्के. बहुतेक वायू शेतात आणि गोठ्यातच सुटतात. म्हणजे जवळून आणलं म्हणून ते आपोआप पर्यावरणाला चांगलं होत नाही. आणि आपल्याच भागात दुष्काळ पडला तर? तेव्हा शेजारच्या भागाकडे जाणारा रस्ता चालू हवा. त्यामुळे जवळचं हवं ते वेगळ्या कारणासाठी, की एक वाट बंद पडली तर दुसरी असावी आणि त्या वाटेवर आपलं थोडंफार चालावं.

बरं, आता एका मोठ्या किचनमध्ये जाऊया. हॉस्पिटलचं समजा किंवा शाळेचं. गुरुवारच्या जेवणासाठी २०० किलो गाजर हवंय, सकाळी सातच्या आत, धुतलेलं आणि साधारण एका मापाचं, कारण सोलायच्या मशीनमध्ये वाकडंतिकडं गाजर अडकतं आणि मग माणूस हाताने सोलत बसतो. शिवाय बिल एकच हवं. ही ऑर्डर एका छोट्या शेतकऱ्याला झेपत नाही, दहा जणांना मिळून झेपेल, पण मग दहा फोन, दहा गाड्या, दहा बिलं आणि त्यातला एक जण ऐनवेळी येत नाही. किचनच्या मॅनेजरला दोष देऊन उपयोग नाही हो, तुम्ही-मी त्या खुर्चीत असतो तरी मोठ्या सप्लायरलाच फोन लावला असता.

ब्राझीलने यावर कायदा करून बघितला. २००९ मध्ये ठरवलं की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून जो पैसा येतो त्यातला किमान ३० टक्के कुटुंबशेती करणाऱ्यांच्या मालावर खर्च करायचा. खरी गंमत खरेदीच्या पद्धतीत आहे. सगळ्यात कमी बोली लावेल त्याला ऑर्डर, असं नाही, बाजारात चौकशी करून भाव आधी जाहीर करायचा आणि मग शेतकऱ्यांच्या गटांकडून प्रस्ताव मागवायचे, म्हणजे गरिबाने गरिबाला पाडायची स्पर्धाच नको. तरीही सुरुवातीची काही वर्षं कित्येक नगरपालिकांना तो आकडा गाठता आला नाही. घ्यायची तयारी होती, विकायचीही होती, पण माल गोळा करायला, वेळेत पोचवायला आणि कागद भरायला मधे कुणी नव्हतं. जिथे सहकारी संस्था आधीपासून उभ्या होत्या तिथे काम लवकर जमलं.

आता ती मधली खोली. लोकांना वाटतं एक कोल्ड रूम बांधली, फीत कापली, झालं. नाही होत. पालेभाजीला शून्याच्या आसपासचं तापमान लागतं, आणि तिथेच काकडी किंवा टोमॅटो ठेवलात तर थंडीनेच खराब होतात, त्यांना साधारण १० डिग्रीच्या वर हवं. केळी-सफरचंदासारख्या फळांमधून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याने शेजारचा पाला पिवळा पडतो. म्हणजे किमान दोन-तीन कप्पे आले आणि कुणाला कुणाशेजारी बसवायचं याचं भान असलेला माणूस आला (लग्नाच्या पंगतीत असतो तसा). शिवाय सीझनमध्ये जागा पुरत नाही आणि बाकीचे महिने अर्धी खोली रिकामी, वीजबिल मात्र येतच राहतं. अशी केंद्रं ग्रँट असेपर्यंत चालतात आणि ग्रँट संपली की शटर खाली, हे खूप ठिकाणी झालंय. म्हणून आधी दोन-तीन मोठ्या किचनची वर्षभराची ऑर्डर हातात घ्यावी आणि मग बांधकाम काढावं. उलट क्रमाने केलेलं मला तरी धोक्याचं वाटतं.

आणि नुकसान झालं तर कुणाचं, हे आधीच बोलून घ्यायला लागतं. जपानमध्ये १९७० च्या दशकात तेइकेई नावाची पद्धत रुजली, घरांचे गट थेट शेतकऱ्याशी करार करायचे, जे पिकेल ते वाटून घ्यायचं, कमी पिकलं तर कमी. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास अशाच धर्तीवर सीझनचे पैसे आगाऊ देणारी शेतं सुरू झाली. युरोपियन युनियनने २०१९ मध्ये वेगळ्या बाजूने हात घातला, मोठ्या खरेदीदाराने छोट्या पुरवठादाराचे नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत द्यायचेच आणि ऐनवेळी ऑर्डर रद्द करायची नाही. वाचायला किरकोळ वाटतं. पण ज्याचा पालक क्रेटमध्ये तापतोय त्याला विचारा ऐनवेळी रद्द म्हणजे काय.

खोलीची किल्ली कुणाकडे हाही प्रश्न आहेच. एकाच व्यापाऱ्याची खोली असेल तर थांबायची ताकद त्याच्या हातात गेली, शेतकरी परत तिथेच. शेतकऱ्यांची सहकारी असेल तर किल्ली त्यांची, पण मग मीटिंगा, भांडणं, हिशेब आणि माझे क्रेट मागे का ढकलले यावर तासभर चर्चा. त्यातून सुटका नाही.

आणि रात्री दोन वाजता कॉम्प्रेसर बंद पडला की अलार्मचा मेसेज कुणाच्या तरी फोनवर जातो. तो माणूस उठतो, शर्ट चढवतो, टॉर्च घेऊन निघतो. कोल्ड रूमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये इमारत असते, मशीन असतं, सबसिडी असते. या माणसाचा पगार कुठल्या रकान्यात लिहायचा, ते अजून ठरायचंय.