दोन टक्के, पण कशाचे?

नमस्कार श्रोतेहो. पोरांना पैशाचं किती कळतं हे बघायचं, तर 'बचत म्हणजे काय' असं विचारू नका. व्याख्या पाठ होते. आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर एवढंच लिहा: पेरणीला 10,000 रुपये पाहिजेत. गावात दोन टक्क्यानं मिळतात, बँकेत सात टक्क्यानं. स्वस्त कुठं?

बरीच पोरं 'गावात' म्हणतील. त्यांचं गणित कच्चं नाही, शब्दानं चकवलेलं असतं. आपल्याकडं 'दोन टक्क्यानं काढले' म्हणजे शेकडा दोन रुपये महिना. बँकेचे सात मात्र वर्षाचे. मग वहीत मांडायला लावा. महिन्याला 200. मृगात घेतले, दिवाळीला सोयाबीन विकून फेडले, तर पाच महिन्यांचे 1000. वर्ष लोटलं तर 2400, आणि बँकेचे 700. न दिलेलं व्याज मुद्दलात चढलं, की पुढच्या वर्षाचं व्याज 12,400 वर, म्हणजे 2976. हा आकडा पोरांना स्वतः काढू द्या, सांगून टाकू नका.

असे पाच प्रश्न पुरेत. उत्तराला एक गुण, कारणाला दोन. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राची शालेय चाचणी बहुपर्यायी असते. हजारो पोरांसाठी ते सोयीचं, पण चूक नेमकी कुठं झाली ते त्यात दिसत नाही. महिन्यानं तेच प्रश्न आकडे बदलून द्या. आकडे तेच ठेवले तर पोरं फक्त उत्तर आठवतात. आणि घरच्या कर्जाबद्दल भर वर्गात विचारू नका. ज्याच्या घरी देणं आहे तो गप्प बसतो, नाहीतर शेजाऱ्याचं उतरवतो. कुटुंब काल्पनिकच घ्या.

बाकीच्यांत दोन प्रश्न हमखास ठेवा. पैसे मिळणार असतील तर यूपीआय पिन टाकावा लागतो का? नाही, पिन लागतो तो पैसे देताना. पतसंस्थेतल्या ठेवीला विमा असतो का? पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, त्यात सहकारी बँकाही येतात, पतसंस्था येत नाहीत. इथं मोठी माणसंही चुकतात.

शिकवायला पुस्तक नसलं तरी चालतं. आडतीवरची एखादी पट्टी, म्हणजे माल विकल्यावर मिळते ती हिशोबाची चिठ्ठी आणा, नाव झाकून झेरॉक्स काढा. वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली, आधी घेतलेली उचल किती वळती झाली, हे एकेका पोराला मोठ्यानं वाचायला लावा. शेवटचा आकडा मात्र झाकून ठेवा. हातात किती पडले ते त्यांनीच काढायचं.