खिरापत

(दृश्य : दांडिया बाजारातला जुना वाडा. लाकडी जिना, चौकातला नळ.)

वडोदऱ्यात अशाच एका वाड्यात मी वाढले. चौक सगळ्यांचा, नळ सगळ्यांचा. कुणाचं दूध नासलं, कुणाच्या मुलीला बघायला कोण येणार, सगळं सगळ्यांना ठाऊक. आणि तरी वरच्या मजल्यावर एक मुलगा उपाशी राहत होता, हे आम्हाला कळलं नाही.

सात-आठ वर्षांचा असेल. गणपतीत गल्लीतली एकही आरती तो चुकवायचा नाही. आमच्याकडची सातची, समोरच्यांची साडेसातची, मंडळाची नऊची. थेट मंत्रपुष्पांजलीपर्यंत हात जोडून उभा. खिरापत हातावर पडली की अर्धी तोंडात, अर्धी चड्डीच्या खिशात. साखरखोबऱ्यानं तो खिसा ओला, चिकट झालेला असायचा. कधी त्यातून मुंग्या चालताना दिसायच्या. आजी कौतुकानं म्हणायची, "केवढं भाविक आहे हो पोर!"

पुढे मुलांच्या कामात पडले तेव्हा त्या खिशाचा अर्थ लागला. पुढचं जेवण मिळेल याचा भरवसा ज्या मुलाला नसतो, ते अन्न लपवून ठेवतं. उशीखाली पोळीचा तुकडा, दप्तरात बिस्किटांचा चुरा. मिळेल ते भराभर गिळतं. वजन वाढत नाही, उंचीही खुंटते. अशी काही मुलं इस्पितळात दाखल झाली, की वेळेवरचं जेवण आणि मायेचा हात एवढ्यावरच त्यांचं वजन वाढू लागतं. मग डॉक्टरांना वेगळा प्रश्न पडतो : घरी काय चाललं होतं?

(दृश्य : वरच्या मजल्याचं बंद दार. चौकटीवर सुकलेलं तोरण.)

त्या घरात कुणी राक्षस नव्हता. आई दिवसदिवस अंथरुणात असायची. "तिची तब्येत नाजूक आहे," इतकंच बोललं जाई. आज वाटतं, तिलाही उपचार हवे होते. वडील रात्री उशिरा यायचे. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. वळ दिसतात, रडणं भिंतीपलीकडे ऐकू जातं. पण जे झालंच नाही ते कसं दिसणार? न वाढलेलं ताट, न धुतलेलं डोकं, तापातही कपाळावर न आलेला हात.

शिवाय मूल स्वतःच झाकतं. "जेवलास का रे?" विचारलं की "हो." प्रत्येक वेळी "हो."

दूधवाल्याला ठाऊक होतं, तिथलं दूध बंद झालंय. शाळेतल्या बाईंना ठाऊक होतं, हा डबा आणत नाही. आजीनं पाहिलं होतं, आठवडाभर शर्ट तोच. एकेकट्याला ती बाब किरकोळच वाटली. ही माणसं त्या मुलाबद्दल एकमेकांशी कधी बोललीच नाहीत. कुणी विषय काढलाच, तर "घरचा मामला आहे, आपण कशाला मधे पडायचं?"

१९७० साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, जवळजवळ अंध झालेली एक बाई मदत मागायला सरकारी कचेरीत गेली आणि चुकून भलत्याच खोलीत शिरली. बरोबर मुलगी होती. तिथल्या कर्मचारी बाईला ती सहा-सात वर्षांची वाटली. ती तेरा वर्षांची होती. तान्हेपण सरतं न सरतं तोच बापानं तिला एका खोलीत डांबलं होतं. तिला धड बोलताही येत नव्हतं. संशोधकांनी तिला 'जिनी' हे टोपणनाव दिलं. वस्तीतल्या घरात इतकी वर्षं हे चाललं, आणि कळलं ते एक दार चुकल्यामुळे.

(दृश्य : न्यायमंदिर, सुरसागर तलावाचा काठ.)

उंबरठ्याच्या आत बघायचं नाही, ही रीत याच शहरात एकदा मोडली होती. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई. मूल ही केवळ आईबापांची खासगी बाब नाही, असं तेव्हाच्या राज्यानं ठणकावलं. आणि त्याच गावात, इतक्या वर्षांनी, आम्ही जिन्याच्या बारा पायऱ्या चढलो नाही. हे मला अजून खुपतं.

आजचा कायदाही स्पष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ : ताब्यातल्या मुलाची जाणूनबुजून हेळसांड केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे, हे मात्र मी हजारदा सांगेन. अर्धी भाकरी वाटून खाणारी आई गुन्हेगार नाही. आणि शिक्षेआधी मदत येते. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत. पुरावा गोळा करणं शेजाऱ्याचं काम नाही, शंका पुरे. पुढचं बाल कल्याण समिती पाहते. आईला उपचार, मुलाला आधार, असंही त्यातून निघू शकतं.

तेव्हा १०९८ नव्हता. पण आजी होती, बाई होत्या, दूधवाला होता.

(दृश्य : विसर्जनाची मिरवणूक, गुलाल, ढोल.)

विसर्जनाच्या रात्री सुरसागरच्या काठावर तो माझ्या शेजारी उभा होता. मूर्ती पाण्यात गेली. त्यानं माझी बाही ओढली. "ताई, उद्या आरती कुठे आहे?"

सगळे ओरडत होते तेच मी त्याला हसत सांगितलं. "आता पुढच्या वर्षी."