आधी वारस नोंद, बाकीचं मागून

नमस्कार! मागच्या व्हिडिओखाली फिरून फिरून एकच प्रश्न आला: घरचा कर्ता गेला, आता त्या बाईनं सुरुवात कुठून करायची?

सोपं आहे ते उरकून टाकते. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत, २१ दिवसांच्या आत, फुकट. संजय गांधी निराधार योजनेच्या मदतीचा अर्ज तहसीलला, महिन्याचे १५०० रुपये. आता त्याला उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार. म्हणजे महिन्याला १७५०! एवढ्यात घर चालवणारं माणूस कोणाला माहीत असेल तर मला पण दाखवा. असो.

खरी गोम आहे वारस नोंदीत, म्हणजे नवऱ्याच्या जागी सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवण्यात. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही न, तर बँकेच्या लेखी ती कास्तकारच नाही. पीककर्ज मागायला गेली की "वावर कोणाच्या नावावर?" इथंच गाडी अडते.

माझ्या चुलत वहिनीचं सांगते. राळेगावकडची. भाऊ गेला तेव्हा कपाशी बोंडावर होती. सगळे कागद बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत घालून ती तलाठ्याकडे जायची. (आता म्हणायचं ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच.) एकदा कुलूप, एकदा "साहेब मीटिंगले गेले," एकदा "सासूचा आधार आणा." चौथ्यांदा बचत गटाची ताई सोबत गेली. तिनं अर्ज दिला आणि पोच मागितली. बस, पोच! तारीख असलेला कागद हातात आल्यावर कोणी "उद्या या" म्हटलं नाही. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलायची, नोटीस निघाली, हरकतीचे १५ दिवस गेले, नोंद मंजूर झाली.

म्हणून सांगते, तोंडी सांगून येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या. मृत्यूनंतर ३ महिन्यांच्या आत द्या. ई-हक्क या सरकारी वेबसाइटवरून ऑनलाइनही देता येतो.

आणि हे नीट ऐका, काऊन की इथंच बाया फसतात. तेरवी आटोपत नाही तर कोणीतरी भाऊबंद स्टॅम्पपेपर घेऊन येतो, "वहिनी, नोंदीसाठी सही लागते." बापा, तो बरेचदा हक्कसोडचा, म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याचा कागद असतो! वारस नोंदीला हक्कसोड लागत नाही. बायको, पोरगा, पोरगी आणि मेलेल्याची आई, हे सगळे सारखे वारस. सासू पण, हो. अंगठा द्यायच्या आधी आशाताईला नाही तर गटातल्या कोणाला तरी वाचायला लावा.

एका भाऊंची कमेंट: "गटाच्या बाया नुसत्या गप्पा मारतात." मारतात न! वहिनी दीड महिना कोणाशी बोलली नव्हती. ती पहिल्यांदा रडली ते गटाच्या बैठकीत, पन्नास रुपयांची बचत भरता भरता. तेव्हा कुठं ताईला कळलं की सातबारा अडकलाय. रात्री-बेरात्री जीव घाबरला तर १४४१६ लावा, टेलि-मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. पण तहसीलच्या पायरीवर तुमच्यासोबत बसायला फोन येत नाही, माणूसच लागतं.

सासरा हयात आहे आणि वावर त्याच्याच नावावर, मग काय, हे बऱ्याच जणींनी विचारलंय. ती भानगड वेगळी आहे, त्याचा पुढचा व्हिडिओ करते. आणि माय, सातबाऱ्याचे फोटो कमेंटमध्ये टाकणं बंद करा, गट नंबरासकट सगळ्या जगाला दिसते ते!