खेचून आणलेला निधी आणि हक्काचा निधी

सरपंच ताई, सदस्य मंडळी, भाऊसाहेब, नमस्कार.

येताना फाट्यावर एक फ्लेक्स दिसला: ‘गावासाठी केंद्राचा निधी खेचून आणल्याबद्दल अभिनंदन’. काही योजनांसाठी पाठपुरावा करावा लागतो, मान्य. पण वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राच्या पैशातला वाटा सुचवणाऱ्या आयोगाचा, पैसा कुणी खेचून आणावा लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपयांची शिफारस केली. आपल्या राज्यात त्यातले 80 टक्के ग्रामपंचायतीला, उरलेले पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला निम्मे निम्मे. हा आपला हक्क आहे. मात्र गावात निवडून आलेली बॉडी हवी, हिशेब ऑनलाइन हवेत, आणि काम ‘आमचं गाव, आमचा विकास’ या गावाच्या विकास आराखड्यात हवं. आराखड्यात नसलेल्या कामावर एक रुपया टाकता येत नाही.

आराखड्याचा प्रवीण प्रशिक्षक, म्हणजे मास्टर ट्रेनर, म्हणून मी एका गावात गेलो होतो. आराखडा तयारच होता. मागच्या वर्षीचा काढून फक्त साल बदललेलं. सभामंडपाला पेव्हर ब्लॉक, कमान, पुन्हा पेव्हर ब्लॉक. महिला ग्रामसभा कागदावर झालेली. मी आग्रहाने पुन्हा बोलवायला लावली. अंगणवाडीच्या ओट्यावर तीस-चाळीस बायका जमल्या, बराच वेळ कुणी बोलेना. मग एक आजी उठल्या. म्हणाल्या, “बाबा, तुम्ही बसलाय तिथंच बघा की.” हापशाचं सांडपाणी थेट अंगणवाडीच्या दारात साचलं होतं, हिरवं शेवाळ धरलेलं. लेकरं त्यात टाकलेल्या एकेका विटेवर पाय ठेवत आत जायची.

आता हिशेब ऐका. पंधराव्या आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच होता, त्यातला निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. सांडपाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा स्वच्छतेत बसतो. म्हणजे आजींच्या कामासाठी पैसा होताच, खर्च कुठे करायचा म्हणून पडून होता! उरलेला 40 टक्के अबंधित निधी गावाच्या गरजेनुसार वापरता येत होता, पण अबंधित निधीतून पगार आणि आस्थापनेचा खर्च भागवता येत नाही. या एका चुकीवर लेखापरीक्षणात फार आक्षेप निघतात, म्हणून जपा.

शोषखड्डा आराखड्यात आला, ग्रामसभेने मंजूर केला, ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन पोर्टलवर चढला. काम झालं आणि बिल अडकलं. का? सरपंचांच्या डिजिटल सहीची मुदत संपलेली. सही ज्यात असते ते डोंगल कपाटात, आणि तारीख कुणी पाहिलेलीच नाही. गवंड्याची मजुरी त्यामुळे लांबली, याचं मला आजही वाईट वाटतं. हातावर पोट असलेला माणूस तो.

म्हणून ताई, आज घरी गेल्यावर दोन गोष्टी करा. डोंगलची मुदत बघा. आणि महिला ग्रामसभेची तारीख धरा, दवंडी द्या, बायकांची शेतातून परतायची वेळ बघून ठेवा. भाऊसाहेब, त्या दिवशी प्रोसिडिंग त्यांच्याच शब्दांत लिहा.

आता प्रश्न विचारा. मागे भिंतीला टेकून बसलेल्या मावशी मघापासून काहीतरी म्हणतायत, आधी त्यांना बोलू द्या.